पेशंट आणि डॉक्टर यांच्यामधला तिसरा माणूस

आजार पुष्कळदा रक्ताच्या रिपोर्टमध्ये सापडण्याआधी बोलण्यात सापडतो. छातीत दुखतं म्हणजे नेमकं कुठे, कधीपासून, चालल्यावर वाढतं की जेवल्यावर, घाम येतो का, हात भरून येतो का, एवढं नीट कळलं तर निदानाचं निम्मं काम खुर्चीत बसल्या बसल्या होतं. पण पेशंटची भाषा डॉक्टरला येत नसेल, किंवा पेशंटला ऐकूच येत नसेल, तर? मग मधे तिसरा माणूस लागतो. आजचा लेख या तिसऱ्या माणसाच्या इतिहासावर आहे. हल्ली तो मोबाइलच्या पडद्यावरूनही बोलतो, पण तिथवर यायला त्याला फार वेळ लागला.

शेलूबाजारला हा प्रश्न पुस्तकी नाही. गाव मंगरूळपीर तालुक्यातलं, नावातच बाजार, जुन्या नागपूर-मुंबई रस्त्यावरचं, आणि आता समृद्धी महामार्गही जवळून जातो. एका दिवसाच्या ओपीडीत वऱ्हाडी बोलणारे शेतकरी येतात, मंगरूळपीरकडचे उर्दू-हिंदी बोलणारे येतात, तांड्यावरच्या गोरमाटी बोलणाऱ्या आज्या येतात, आणि एखादा ट्रकचालक असा येतो की त्याचं आणि आपलं फक्त "बुखार" या शब्दावर जमतं. गोरमाटीची गोष्ट तर वेगळीच. पोहरादेवी आपल्याच जिल्ह्यात, बंजारा समाज इथे मोठा, पण जनगणनेत त्यांची भाषा हिंदीच्या रकान्यात मोजली जाते. कागदावर भाषाच वेगळी नाही, तर दुभाषी कोण मागणार?

दुभाषी हा प्रकार आपल्याकडे नवा नाही. १६७४ साली शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाला इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन रायगडावर आला, तेव्हा बोलणी करायला त्याच्याबरोबर नारायण शेणवी हा दुभाषी होता. तह, व्यापार, जकात, या कामांसाठी दोन्ही भाषा जाणणारा माणूस पगार देऊन ठेवला जायचा. शब्द चुकला तर पैसा बुडतो हे राज्यकर्त्यांना आणि व्यापाऱ्यांना पक्कं ठाऊक होतं. दवाखान्यात शब्द चुकला तर काय बुडतं, याचा हिशोब मात्र कुणी ठेवला नाही. तिथे दुभाषी म्हणजे जो हाताशी असेल तो: मुलगा, नवरा, शेजारीण, कंपाउंडर.

हा हिशोब पहिल्यांदा नीट मांडला तो अमेरिकेतल्या एका अभ्यासाने, २००३ साली. ग्लेन फ्लोरेस या बालरोगतज्ज्ञांनी स्पॅनिश बोलणाऱ्या आया आणि इंग्रजी बोलणारे डॉक्टर यांच्यातल्या १३ भेटी रेकॉर्ड केल्या आणि प्रत्येक वाक्य तपासलं. दुभाष्यांच्या ३९६ चुका निघाल्या, म्हणजे एका भेटीत सरासरी ३१. त्यातल्या ६३ टक्के चुका अशा, की त्यांचा उपचारावर परिणाम होऊ शकला असता. कानाच्या इन्फेक्शनसाठी तोंडाने द्यायचं अँटिबायोटिक दोन्ही कानांत घालायला सांगितलं गेलं. चेहऱ्यावरच्या पुरळासाठी दिलेलं स्टेरॉइडचं मलम बाळाच्या सगळ्या अंगाला लावायला सांगितलं गेलं. दुभाष्यांमध्ये पेशंटचं अकरा वर्षांचं भावंडही होतं. हॉस्पिटलच्या दुभाष्यांच्याही चुका झाल्या होत्या, पण हाताशी सापडलेल्या माणसांच्या चुका घातक निघण्याचं प्रमाण बरंच जास्त होतं: ५३ टक्क्यांच्या जागी ७७ टक्के.

याहून जुनी एक घटना आहे, १९८० ची, फ्लोरिडातली. अठरा वर्षांच्या मुलाला बेशुद्ध अवस्थेत आणलं. घरच्यांनी स्पॅनिशमध्ये एक शब्द सांगितला, 'इंतोक्सिकादो'. त्यांना म्हणायचं होतं की काहीतरी खाल्लेलं बाधलं आहे. डॉक्टरांना इंग्रजीतला जवळचा शब्द ऐकू आला आणि त्यांनी नशेच्या औषधांचा ओव्हरडोस धरून उपचार चालवले. खरं तर मेंदूत रक्तस्राव होता. तो कळायला दोन दिवस गेले आणि मुलगा हातापायांनी कायमचा लुळा झाला. पुढे भरपाई ठरली ती सुमारे ७ कोटी डॉलरची. यातली खरी गोम अशी की दुभाषी कुणी बोलावलाच नाही, कारण दोन्ही बाजूंना वाटत होतं की आपल्याला समजलं आहे. हे अमेरिकेतच होतं असं समजू नका. आपल्याकडे "बाधलं" आणि "बाधा झाली" यातला फरक बाहेरच्या राज्यातून आलेल्या डॉक्टरला समजावून पाहा.

विदर्भात या प्रश्नाला एक वेगळं उत्तर दिलं गेलं: डॉक्टरनेच भाषा शिकायची. बाबा आमटे यांनी १९७३ मध्ये हेमलकशाला लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला, तिथे डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे माडिया शिकले. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ पासून 'सर्च' उभी केली. राणीताईंचं काम इथे फार महत्त्वाचं आहे. १९८९ च्या 'लॅन्सेट'मध्ये त्यांनी दोन गावांतल्या ६५० बायकांची तपासणी मांडली. ९२ टक्के बायकांना काही ना काही स्त्रीरोग होता, आणि त्याआधी तशी तपासणी झालेल्या फक्त ८ टक्के. या बायका मराठी बोलत नव्हत्या असं नाही. पण "अंगावरून पांढरं जातं" हे पुरुष डॉक्टरला, तेही नवऱ्याच्या किंवा मुलाच्या तोंडून, कोण सांगणार? भाषा एक असूनही बोलणं होत नाही, ते असं. ही गोष्ट लक्षात ठेवा, व्हिडिओवरच्या दुभाष्याकडे आल्यावर ती पुन्हा लागेल.

डॉक्टरने भाषा शिकावी हा उपाय मला सगळ्यांत आवडतो. पण एक डॉक्टर दोन भाषा शिकेल, पाच नाही. आणि हातांची भाषा तर वैद्यकीय शिक्षणात जवळपास कुठेच शिकवली जात नाही. कर्णबधिरांचा इतिहास म्हणूनच वेगळा सांगायला हवा.

अठराव्या शतकात पॅरिसमध्ये आबे द लेपे नावाच्या पाद्र्याने बहिऱ्या मुलांची शाळा काढली आणि मुलांच्या खुणा वापरूनच शिकवायला घेतलं. ते चाललंही. पण १८८० मध्ये इटलीतल्या मिलान शहरात बधिरांच्या शिक्षकांची परिषद भरली. जमलेले जवळजवळ सगळे ऐकू येणारे. त्यांनी ठराव केला की खुणा बंद, मुलांना ओठ वाचून तोंडानेच बोलायला शिकवायचं. जगभरच्या शाळांत हाच कायदा झाला. मुंबईत बिशप लिओ म्युरिन यांच्या पुढाकाराने बधिरांची देशातली पहिली शाळा निघाली ती १८८५ च्या सुमारास, म्हणजे मिलानच्या ठरावाला पाच वर्षंही जेमतेम झाली होती. साहजिकच आपल्याकडेही तोंडी पद्धतच रुजली. वर्गात हात मागे आणि वसतिगृहात, मधल्या सुट्टीत, हात मोकळे, अशी भारतीय सांकेतिक भाषा मुलांनी मुलांना शिकवत टिकवली. मिलानच्या ठरावाबद्दल त्याच परंपरेतल्या परिषदेने खेद व्यक्त केला तो २०१० मध्ये, १३० वर्षांनी.

मधल्या काळात एक मोठी गोष्ट घडली. १९६० मध्ये विल्यम स्टोकी या अमेरिकन अभ्यासकाने दाखवून दिलं की खुणांची भाषा ही नक्कल किंवा हातवारे नव्हेत, तिला स्वतःचं व्याकरण आहे. भारतात १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात मदन वसिष्ठ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि बंगळूर इथल्या खुणा तपासल्या. गावोगावी शब्द थोडे वेगळे, पण व्याकरण सारखं आणि भाषा मुळात एकच, असं त्यांना आढळलं. १९८३ मध्ये वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था सुरू झाली. १९८७ पासून दूरदर्शनवर कर्णबधिरांसाठी बातम्या लागू लागल्या. चाळिशीच्या पुढच्या वाचकांना ते बातमीपत्र आठवत असेल. आमच्यासारख्यांनी त्यावर नकला केल्या, पण देशातल्या कितीतरी घरांत त्या बातम्या कुणीतरी पहिल्यांदाच "ऐकत" होतं.

इथे एक गैरसमज दूर करतो. "बहिरा आहे ना, मग चिठ्ठीवर लिहून द्या" असं डॉक्टरही म्हणतात. पण सांकेतिक भाषा म्हणजे हातांनी बोललेली मराठी नव्हे. तिचा वाक्याचा क्रम वेगळा, आणि प्रश्न आहे की विधान हे भुवया आणि चेहरा सांगतो. जन्मापासून ज्याने मराठी ऐकलीच नाही, त्याला लिहिलेली मराठी परकी भाषा असते. "जेवणानंतर अर्धी गोळी दोनदा, चक्कर आल्यास बंद" हे वाक्य त्याला वाचता आलं तरी कळेलच असं नाही.

आता व्हिडिओकडे येऊ. दूरच्या दुभाष्याची कल्पना आधी फोनवर आली. ऑस्ट्रेलियात स्थलांतरितांची संख्या वाढली तशी सरकारने १९७३ मध्ये फोनवरची दुभाषी सेवा सुरू केली. डॉक्टर फोन लावणार, ग्रीक किंवा इटालियन जाणणारा माणूस पलीकडे असणार, रिसीव्हर इकडून तिकडे जाणार. आजही अनेक देशांत ही व्यवस्था उत्तम चालते. आपली गोरमाटी किंवा कोरकू आजी आणि डॉक्टर यांच्यासाठीही एवढंच पुरेल, त्याला व्हिडिओची गरजही नाही. पण बहिऱ्या माणसाला फोनचा काय उपयोग? तिथे चित्रच हवं.

चित्राचा फोन अमेरिकेत १९६४ च्या न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात लोकांनी पाहिला. तो महागडा निघाला आणि बाजारात पडला. त्याच वर्षी रॉबर्ट वाइटब्रेख्त या बधिर शास्त्रज्ञाने टेलिफोनच्या तारेवरून टाइप केलेला मजकूर पाठवायचं यंत्र जमवलं, आणि पुढची तीस वर्षं कर्णबधिरांनी त्यावर काढली. १९९० च्या दशकात इंटरनेट आलं, स्वीडनमध्ये व्हिडिओवरून दुभाषी देण्याचे प्रयोग झाले, २००० मध्ये अमेरिकेच्या सरकारने अशा सेवेचा खर्च उचलायचं ठरवलं. पुढे हॉस्पिटलांनी टॅब्लेट चाकांच्या स्टँडवर लावून वॉर्डात फिरवायला सुरुवात केली, तेव्हा लगेच तक्रारी आल्या: चित्र अडकतं, हात धूसर दिसतात, नर्सला मशीन लावता येत नाही. म्हणून २०१० च्या नियमांत तिथे लिहावं लागलं की चित्र अडकता कामा नये, चेहरा, हात आणि बोटं दिसतील एवढं मोठं हवं, आवाज स्वच्छ हवा आणि यंत्र चालवायचं शिक्षण कर्मचाऱ्यांना द्यायला हवं. नियम वाचताना हसू येतं, पण यातला प्रत्येक शब्द कुणाच्या तरी फसलेल्या तपासणीतून आला आहे.

हे तांत्रिक का महत्त्वाचं ते सांगतो. बोलण्याचा व्हिडिओ कॉल थोडा अडकला तरी आवाजावर काम चालतं. खुणांचं तसं नाही. सेकंदाला साधारण वीस चित्रं मिळाली तर खुणा नीट वाचता येतात. बाराच्या खाली गेलं की बोटांची हालचाल तुटते आणि अर्थ जातो. गावात चार वाजता सगळे मोबाइलवर बसले की काय होतं हे तुम्हाला माहीत आहेच.

आपल्या देशात हे सगळं उशिरा आलं, पण गेल्या दहा वर्षांत वेगाने आलं. दिल्लीत भारतीय सांकेतिक भाषा संशोधन आणि प्रशिक्षण केंद्र २०१५ मध्ये उभं राहिलं. त्यांचा शब्दकोश २०१८ मध्ये ३,००० शब्दांचा होता, २०२१ मध्ये १०,००० चा झाला, आणि त्यात वैद्यकीय शब्दही आहेत. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने संवादाच्या व्याख्येत सांकेतिक भाषा आणि व्हिडिओ दोन्ही घातले, आणि सरकारीच नव्हे तर खासगी दवाखान्यांतही अडथळ्याविना प्रवेश मिळाला पाहिजे असं म्हटलं. अडथळा म्हटलं की आपल्याला व्हीलचेअरचा उतारच आठवतो, हा आपला दोष. गंमत म्हणजे पोलीस आणि कोर्टासाठी दुभाष्याची स्पष्ट तरतूद आपल्याकडे झाली, उदाहरणार्थ मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या २०१२ च्या कायद्यात. दवाखान्यासाठी इतक्या स्पष्ट शब्दांत अजून नाही.

सप्टेंबर २०२३ मध्ये दोन गोष्टी पाठोपाठ घडल्या. सारा सनी या कर्णबधिर वकील सर्वोच्च न्यायालयात, सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्यासमोर, व्हिडिओवरून उभ्या राहिल्या आणि त्यांच्या खुणांचं भाषांतर करायला दुभाषी होता. त्याच महिन्यात २३ तारखेला, सांकेतिक भाषा दिनी, दिल्लीच्या केंद्राने व्हिडिओ कॉलवरून दुभाषी मिळण्याची सोय प्रायोगिक पातळीवर सुरू केली. दुसरीकडे ई-संजीवनी उपकेंद्रापर्यंत पोचली आहे. तिथे पडद्यावर डॉक्टर असतो आणि पेशंटशेजारी समुदाय आरोग्य अधिकारी. ज्या तारेवरून डॉक्टर येतो, त्याच तारेवरून दुभाषी यायला तांत्रिक अडचण काहीच नाही. अडचण माणसांची आहे. देशात ऐकू न येणारे लोक २०११ च्या जनगणनेत ५० लाखांवर होते, आणि रीतसर शिकलेले दुभाषी त्या मानाने फारच थोडे.

व्हिडिओवरच्या दुभाष्याचा एक फायदा मला सगळ्यांत मोठा वाटतो. तो अनोळखी असतो. गर्भपात झाला, दारू पितो, नवरा मारतो, लघवीच्या जागी खाज येते, हे शेजारणीसमोर किंवा दहा वर्षांच्या मुलासमोर सांगायची वेळ येत नाही. राणीताईंच्या गावांतल्या बायकांची अडचण हीच तर होती. मुलांना दुभाषी करण्याला माझा ठाम विरोध आहे. आईला कॅन्सर आहे हे वाक्य मुलाने आधी ऐकायचं आणि मग स्वतःच्या हातांनी आईला सांगायचं, हे त्याच्या अंगावर टाकू नये. अमेरिकेत तर २०१६ पासून नियमच आहे की जिवावरचा प्रसंग सोडला तर लहान मुलांकडून भाषांतर करून घ्यायचं नाही.

पण पडद्यावर दुभाषी आला म्हणजे सगळं सुटलं असं नाही. 'गीता' तुम्हाला आठवत असेल. लहानपणी पाकिस्तानात पोचलेली, ऐकू-बोलू न शकणारी मुलगी, २०१५ मध्ये भारतात परत आली. फोटोवरून तिने बिहारमधलं एक कुटुंब ओळखल्यासारखं केलं, पण डीएनए जुळला नाही. तिने सांगितलेल्या नदीच्या, रेल्वे स्टेशनच्या खुणांवरून जाणकार शोधत राहिले, आणि २०२१ मध्ये तिची आई आपल्या मराठवाड्यात सापडल्याच्या बातम्या आल्या. पाच-सहा वर्षं का लागली? कारण तिच्याजवळ लहानपणी शिकलेली कुठलीच पूर्ण भाषा नव्हती, ना मराठी, ना सांकेतिक. आपल्या खेड्यांत शाळेचं तोंड न पाहिलेले असे कर्णबधिर लोक आजही आहेत. त्यांच्या खुणा घरापुरत्या असतात. दिल्लीतला उत्तम दुभाषीही त्यांच्यापुढे अडेल. अशा वेळी स्वतः कर्णबधिर असलेला अनुभवी दुभाषी, हावभावांवरून अर्थ काढण्यात मुरलेला, जास्त उपयोगी पडतो, आणि घरच्या माणसाला पर्याय नसतो.

आणि म्हातारपणी ऐकू कमी झालेल्या आजोबांना सांकेतिक दुभाष्याचा काडीचा उपयोग नाही, कारण त्यांना खुणा येतच नाहीत. त्यांच्यासमोर बसा, मास्क काढता येत असेल तर काढा, पंखा बंद करा, ओरडू नका, सावकाश बोला. कानात मळ आहे का तेही एकदा बघून घ्या.

घरात कर्णबधिर माणूस असेल, तर दवाखान्यात येताना काही गोष्टी केल्यास फार फरक पडतो. सांकेतिक भाषा येणारा नातेवाईक किंवा शाळेतले शिक्षक व्हिडिओ कॉलवर त्या वेळी मिळतील का ते आधी विचारून ठेवा. मोबाइल हातात धरू नका, कशाला तरी टेकवून ठेवा, म्हणजे दोन्ही हात मोकळे राहतात. खिडकीकडे पाठ नको, नाहीतर चेहरा काळा दिसतो. डॉक्टरला सांगा की पेशंटकडे बघून बोला, मोबाइलकडे नाही. भरती करावं लागलं तर सलाइन डाव्या हाताला लावायला सांगा (पेशंट डावखुरा असेल तर उजव्या), कारण हात बांधला की बोलणंच बंद होतं. ऑपरेशनच्या संमतीवर अंगठा किंवा सही घेण्याआधी काय कळलं ते पेशंटलाच खुणांनी परत सांगायला लावा, मान हलवली म्हणजे कळलं असं धरू नका. आणि घरच्या खुणांची एक यादी वहीत लिहून आणा: दुखणं कसं दाखवतो, उलटी, जुलाब, पाळी, ताप, चक्कर, "नको", "थांबा". "थांबा"ची खूण सगळ्यांत आधी लिहा, इंजेक्शनच्या वेळी तीच लागते.